कार्डावरचं बक्षीस रुपयांत सांगा : क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांना बेळगावहून खुले पत्र

प्रति,
क्रेडिट कार्ड विभागाचे प्रमुख,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कार्डं विकणाऱ्या सर्व बँका आणि कंपन्या

विषय : रिवॉर्डचा हिशेब पॉइंटांत न देता रुपयांत आणि मराठीतही देण्याबाबत

महोदय,

मी टिळकवाडीत हिशेब लिहिण्याचं आणि आयकराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे उद्यमबागेतले छोटे कारखानदार, वडगाव-शहापूरचे यंत्रमागवाले, काही डॉक्टर आणि बरेचसे पगारदार. हल्ली त्यांच्या कागदांच्या पिशवीतून तुमचं एखादं चकचकीत पत्रक हमखास निघतं. मागोमाग प्रश्न येतो, "काका, हे कार्ड घेऊ काय? फुकट हाय म्हणालाय की तो पोरगा." जरा चौकस असला तर पुढे विचारतो, यातलं सगळ्यात जास्त बक्षीस देणारं कोणतं?

आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरीही तुमचं पत्रक वाचून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. देता येऊ नये अशाच बेताने ते छापलेलं असतं, असं माझं आता मत झालंय.

समोर एक पत्रक आहे. पेट्रोल पंपावर छत्रीखाली टेबल मांडून बसलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलाने दिलेलं. बँकेचं नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी मजकूर फारसा बदलत नाही. वर विमान, खाली हसरं जोडपं आणि मध्ये ठळक अक्षरांत : दर १५० रुपयांच्या खरेदीवर २ पॉइंट, निवडक ब्रँडवर पाचपट. एक पॉइंट म्हणजे किती पैसे, ते कुठेच नाही. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत 'अटी लागू' आणि वेबसाइटचा पत्ता. तिथे जाऊन खोदकाम केलं की एकाच पॉइंटाचे तीन भाव सापडतात. बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर घेतला तर एक, बँकेच्याच पोर्टलवरून विमानाचं तिकीट काढलं तर त्याहून बरा, आणि बिलातून वळते करून घ्या म्हटलं तर सगळ्यात पडेल. साध्या कार्डांचा पॉइंट २० ते २५ पैशांच्या आसपास पडतो. २५ पैसे धरले तर १०० रुपये खर्चून ३३ पैसे हाती येतात.

"शंभराला तेहतीस पैसे" एवढं छापायला किती जागा लागते? विमानाचं शेपूट थोडं आखूड केलं तरी भागेल.

आता बेळगावातलं एक घर घ्या. खासबागेत भाड्याने राहणारं. नवरा फाउंड्रीत सुपरवायझर, बायको खासगी शाळेत शिक्षिका, दोन मुलं. महिन्याला भाडं ८,०००, किराणा ६,०००, मुलांची फी सरासरी ४,०००, पेट्रोल ३,०००, एलआयसीचा हप्ता ३,०००, हेस्कॉमचं लाइटबिल, पाणी आणि मोबाईल मिळून २,५००, आणि उरलेले ३,५०० कपडेलत्ते, औषधं, ऑनलाइन खरेदी. बेरीज ३०,०००. तुमचा विक्रेता या घराला सांगतो, वर्षाला साडेतीन लाखांचा खर्च कार्डावर टाका, पॉइंटच पॉइंट.

टाकून बघू. भाड्यावर बहुतेक कार्डांवर पॉइंट नाहीत, उलट ॲपवरून भाडं भरलं की एक टक्क्याच्या आसपास जादा आकार आणि त्यावर जीएसटी पडायचा, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर बहुतेक ॲपांनी ती सोयच बंद केली. पेट्रोलवर पॉइंट नाहीत, फक्त एक टक्का सरचार्ज माफ, म्हणजे तुम्हीच लावलेला आकार तुम्हीच सोडता. त्यातही बहुतेक कार्डांची अट अशी की एका वेळी किमान ४०० रुपयांचं भरायला हवं. आमच्याकडे स्कूटरवाला दोनशेचं भरतो. विमा आणि लाइटबिल काही कार्डांवर शून्य, काहींवर मर्यादेपुरतं. शाळेची फी शाळेतल्या मशीनवर भरली तर मोजली जाईल, ॲपवरून भरली तर बऱ्याच कार्डांवर बाद. किराणा रविवार पेठेतून येतो आणि तिथल्या दुकानदाराकडे कार्ड ओढायचं मशीन नाही. सगळं विरोधात गेलं असं धरलं तर राहिले साडेतीन हजार. त्यांचे महिन्याला ४६ पॉइंट, म्हणजे साडेअकरा रुपये. वर्षाचे १३८.

कार्डाची वार्षिक फी ५०० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५९०. वर्षाला एक लाख खर्च केलात तर फी माफ, असं मुलगा सांगतो. पण त्या लाखात भाडं आणि पेट्रोल पुष्कळदा धरत नाहीत, हे तो सांगत नाही. बहुधा त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. वर आणखी एक गंमत. जमलेले पॉइंट वापरायला अनेक बँका ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात, म्हणजे जवळजवळ ११७ रुपये. वर्षाच्या १३८ मधून ते गेले की उरले २१. ते ११७ रुपये भरून काढायलाच या कार्डावर ३५,००० रुपयांची खरेदी करावी लागते. बक्षीस घेण्यासाठी दक्षिणा मोजायची ही रीत मी अजून दुसऱ्या कुठल्या व्यवहारात पाहिली नाही.

सगळीच कार्डं अशी नाहीत, हेही सांगायला हवं. अमेझॉनच्या नावाचं आयसीआयसीआयचं कार्ड घ्या. वार्षिक फी नाही, प्राइमची वर्गणी भरणाऱ्या सदस्याला अमेझॉनवर पाच टक्के, इतरांना तीन, आणि एक पॉइंट म्हणजे सरळ एक रुपया. महिन्याला दोन हजारांची खरेदी तिथून करणाऱ्या प्राइम सदस्याला महिन्याला १०० रुपये, वर्षाला १,२०० सुटतात. प्राइमची वर्गणी त्यातून वजा करायची, आणि ते पैसे बँकखात्यात नव्हे तर अमेझॉन पे या त्यांच्याच डिजिटल पाकिटात जमा होतात, हेही लक्षात ठेवायचं. मी जाहिरात करत नाही. अमेझॉनवरून काही मागवत नसेल त्याला या कार्डाचा उपयोग बेताचाच. पण विचारणाऱ्याला दोन मिनिटांत हिशेब करून दाखवता येतो आणि घ्यायचं की नाही ते तो स्वतः ठरवतो. माझी मागणी याहून मोठी नाही.

ते लाउंज, ती सिनेमाची तिकिटं, ते गोल्फचे धडे. विमानतळावरच्या लाउंजची किंमत पत्रकावर हजारांत दाखवता आणि ती 'एकूण लाभा'त मिळवून मोकळे होता. इथली पोरं पुण्याला निघतात ती रेल्वेने, नाहीतर रात्रीच्या बसने. गोव्याला जायचं तर चोर्ला घाट आहे. वडगावच्या मागवाल्याने गोल्फच्या चार फुकट फेऱ्या कुठे मारायच्या, ते एकदा त्या मुलाला विचारायचं माझ्या मनात आहे.

किराण्याकडे परत येतो, कारण आमच्या भागात खरी मेख तिथे आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डाचं नाही. म्हणजे ज्या दुकानात कार्डाचं मशीन नाही, तिथेही क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डाने पैसे देता येतात, आणि लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर कमिशन पडत नाही. खडेबाजारात कार्ड पुढे केलं की "दोन टक्के जादा पडतील" हे ठरलेलं वाक्य. कार्डाने एक टक्का दिला आणि दुकानदाराने दोन काढून घेतले तर बक्षीस कसलं? त्याला दोष देत नाही, त्याचा नफाच तेवढा असतो. रुपे कार्डाने ही अडचण निदान छोट्या खरेदीपुरती सुटते. वरच्या घराचे महिन्याचे किराण्याचे सहा हजारही मग कार्डावर येऊ शकतात.

हे पत्रकात कुठे आहे? रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये सांगितलं आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ते लागू झालं, की दहा लाखांहून जास्त चालू कार्डं असलेल्या बँकांनी कार्ड देतानाच नेटवर्क, म्हणजे रुपे, व्हिसा की मास्टरकार्ड, ते निवडण्याची मुभा ग्राहकाला द्यायची. स्वतःचंच नेटवर्क असलेल्या कंपन्या तेवढ्या वगळल्या आहेत. आमच्या टेबलावरच्या मुलाला हे विचारलं तर तो म्हणतो, "सर, सिस्टिममध्ये जे येईल ते येतं." सिस्टिम तुमची आहे, साहेब. तीत तो रकाना ठळक करा.

इथे तुमच्या बाजूचंही एक बोलतो. गल्लीतल्या पुष्कळ दुकानांत क्यूआर असतो तो मालकाच्या, नाहीतर त्याच्या घरच्यांच्या बचत खात्याचा. त्यावर क्रेडिट चालत नाही. फोनवर लाल अक्षरं येतात, मागे रांग थांबलेली, दुकानदार म्हणतो "नेटवर्क नसंल बघा", आणि गिऱ्हाईक ओशाळून खिशातली नोट काढतं. यात तुमची चूक नाही. पण कार्ड विकताना "सगळ्या क्यूआरवर चालतं" असं सांगू नका. शिवाय यूपीआयवरून केलेल्या खर्चावर पॉइंट कमी देत असाल तर तेही त्याच ओळीत लिहा.

आता तारखांचं. उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांत पगार सात ते दहा तारखेदरम्यान होतो. बिलाची अंतिम तारीख तीन किंवा पाच आली की दर महिन्याला माणूस पगाराआधी अडकतो. रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला, आणि अंतिम तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याखेरीज लेट फी लावता येणार नाही असंही सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. लहान कारखानदाराला तर पॉइंटांपेक्षा ही तारीखच मोलाची. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी टूल-बिट मागवले की पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, तोवर पार्टीचं पेमेंट येतं. एका लेथवाल्याला मी पॉइंटांचा नाद सोडून फक्त तारखा बघून कार्ड निवडायला सांगितलं. तो खूश आहे.

पण ही सगळी मजा बिल पूर्ण भरणाऱ्याची. पत्रकावर कुठेही ठळक न दिसणारा आकडा म्हणजे थकलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, अनेक कार्डांवर त्याहूनही जास्त. वर्षाचे बेचाळीस होतात. वीस हजारांच्या बिलातले किमान रक्कम म्हणून हजार भरले आणि माणूस निर्धास्त झाला, तर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. वीस हजारांवर महिन्याचे ७०० रुपये व्याज, त्यावर १२६ रुपये जीएसटी. त्याच वीस हजारांवर मिळालेलं बक्षीस ६६ रुपये. ही दोन वाक्यं पत्रकावर शेजारी शेजारी छापायची तुमची तयारी आहे काय?

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा कायद्याने तुमचा हात मोकळा आहे, तक्रार नाही. पण वेळेवर भरणाऱ्याला मिळणारं बक्षीस येतं कुठून? थोडं दुकानदाराच्या कमिशनातून आणि थोडं या बेचाळीस टक्क्यांतून. पुण्यातला आयटीवाला लाउंजमध्ये बसून इडली खातो, त्यातला एखादा घास निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या कारकुनाने भरलेल्या व्याजाचा असतो. म्हणून कार्ड घेऊ काय असं विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो, दर महिन्याला पूर्ण बिल भरशील? उत्तर घुटमळलं तर पुढच्या हिशेबाची गरज नसते. तसल्या माणसाने पतसंस्थेत जाऊन सोनं तारण ठेवलं तरी त्याला स्वस्त पडेल.

सीमेवरचे म्हणून आमचे आणखी काही त्रास. निपाणीत घर आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरी, अशी कितीतरी माणसं आहेत. पगाराचं खातं महाराष्ट्रात, आधारचा पत्ता कर्नाटकातला. अर्ज केला की पडताळणी करणारा एकदा इकडे फोन करतो, एकदा तिकडे, आणि शेवटी मेसेज येतो की तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही. खानापूरच्या खेड्यांत तर पिनकोड टाकला की पुढचं पानच उघडत नाही. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं, हाही रिझर्व्ह बँकेचाच निर्देश. "अंतर्गत धोरण" हे कारण होत नाही.

आणि भाषा. घरात मराठी, सरकारी कचेरीत कन्नड आणि बँकेच्या कागदावर इंग्रजी, अशी आमची तीन चुलींवरची कसरत. कार्डाच्या अटी सोप्या शब्दांत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असं रिझर्व्ह बँक म्हणते. इथे स्थानिक भाषेचा रकाना तुम्ही कन्नडने भरता. ते योग्यच आहे, कन्नड असायलाच हवी. तिच्या शेजारी मराठीही ठेवा, एवढंच म्हणणं. कोणाशी भांडण नाही, आणि या पत्रात सीमाप्रश्न आणायचाही नाही. दूधगंगा ओलांडून कागलला गेलं की अर्ज, फलक, सूचना मराठीत दिसतात. मजकूर तयार असतो, फक्त पेटीत भरून पलीकडून अलीकडे आणायचा. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर तक्रारीची चौकशी मराठीतून करता येते. म्हणजे तक्रार कशी करायची ते मराठीत समजतं, आणि जिच्यामुळे तक्रार उद्भवली ती अट वाचायला मात्र इंग्रजी यावं लागतं.

मागणी सरळ आहे. अर्जासोबत एका पानाचं माहितीपत्रक द्यायची सक्ती तुमच्यावर आहेच. त्यात व्याज आणि आकार येतात. त्याच पानावर बक्षिसाचा हिशेब रुपयांत लिहा : किराणा, पेट्रोल, लाइटबिल, विमा, फी, ऑनलाइन खरेदी, यूपीआय, प्रत्येकावर शंभर रुपयांना नक्की किती पैसे मिळतात, महिन्याला जास्तीत जास्त किती आणि शून्य असेल तिथे शून्य. खाली फी, जीएसटी आणि पॉइंट काढण्याचा आकार. पॉइंट किती दिवसांत बाद होतात ते. कॅटलॉगमधला भाव सांगू नका, बिलातून वळते केल्यास पडणारा भाव सांगा, कारण मिक्सर आमच्या घरात आहे.

आणखी एक. आकार वाढवायचा असेल तर महिनाभर आधी कळवायचं तुमच्यावर बंधन आहे. पॉइंटाचा भाव पाडलात तरी ग्राहकाच्या खिशाला तीच चाट बसते. मग तोही वेबसाइटच्या तळघरात न लपवता तेवढ्याच मुदतीने मेसेजवर कळवा. तोवर साठलेले पॉइंट जुन्या भावाने वापरू द्या. आमच्याकडे एका शिक्षकाने मुलीच्या लग्नाच्या खरेदीचे पॉइंट जपून ठेवले होते. काढायला गेला तोवर भाव निम्म्यावर आला होता. बँकेच्या माणसाने त्याला शांतपणे सांगितलं, सर, मेल आली असेल बघा. आली होती, जाहिरातींच्या ढिगात.

कार्ड बंद करायचा अर्ज आला तर सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, थकबाकी नसेल तर त्यापुढच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. माझी गिऱ्हाइकं बंद करायला फोन करतात तेव्हा पलीकडून आधी फी माफ होते, मग पॉइंट वाढतात, मग "सर, एकदा विचार करा" सुरू होतं. जी फी फोनवर पाच मिनिटांत माफ होते ती पेट्रोल पंपावरच्या टेबलावर का होत नाही, याचं उत्तर मिळालं तर बरं.

उत्तर मराठीत दिलंत तर आनंद, कन्नडमध्ये दिलंत तरी वाचता येतं. इंग्रजीतच द्यायचं असेल तर निदान अक्षर मोठं ठेवा.

कळावे,

आपला,
टिळकवाडीतला एक हिशेबनीस
बेळगाव